उजनीचे पाणी : घुसळणीचे आणि संक्रमणाचे शास्त्र

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, उजनी गावाजवळ भीमा नदीवर बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. या धरणामागे पसरलेला यशवंतसागर जलाशय माढा, करमाळा, इंदापूर, दौंड आणि कर्जत या तालुक्यांच्या सीमांना स्पर्श करतो. जलाशयाची एकूण साठवण क्षमता ११७.२३ अब्ज घनफूट (टी.एम.सी.) असून त्यापैकी ५३.५७ टी.एम.सी. उपयुक्त साठा आणि ६३.६६ टी.एम.सी. मृतसाठा आहे. कालव्यांखालची शेती, सोलापूर शहराचा पाणीपुरवठा, काठावरच्या गावांच्या नळयोजना, साखर कारखाने आणि मासेमारी अशा अनेकांची भिस्त या एका पाण्यावर आहे.

या पाण्याची मोजणी बहुधा टी.एम.सी. मध्ये किंवा टक्केवारीत होते. धरण किती भरले, हा प्रश्न सर्वांच्या तोंडी असतो. परंतु पाणी किती आहे याच्याइतकाच पाणी कसे आहे हा प्रश्नही महत्त्वाचा होय. भीमेला इंद्रायणी मिळते आणि मुळा-मुठाही मिळते. पवना त्याआधीच मुळेत विलीन झालेली असते. त्यामुळे पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महानगरांचे सांडपाणी, प्रक्रिया झालेले आणि न झालेलेही, वाहत वाहत याच जलाशयात येते. उन्हाळ्यात पाण्यावर येणारी हिरवी साय, काठाला साचणारी जलपर्णी आणि पाण्याला येणारा वास यांचा अनुभव काठच्या गावांना आहे.

नदीने आणलेले हे द्रव्य जलाशयात शिरल्यावर पुढे त्याचे काय होते? ते सर्व पाण्यात सारखे मिसळते, की थराथराने राहते? हवेतील प्राणवायू पाण्यात किती वेगाने उतरतो? या प्रश्नांची उत्तरे देणारे शास्त्र नदीकाठी जसे वाढले, तसेच ते रासायनिक कारखान्यांतील उंच स्तंभांतही वाढले. हे शास्त्र वाटते तितके अवघड नाही.

रश्श्यावरचा तवंग

स्वयंपाकघरातले उदाहरण घेऊ. झणझणीत रश्श्यावर लाल तवंग येतो. मिरचीचा तो लाल रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, पण तेलात सहज विरघळतो. म्हणून रस्सा उकळत असताना रंग पाण्याचा भाग सोडून तेलात जातो आणि तेल वर तरंगते. एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव एकत्र आणावेत, आणि त्यांपैकी एकातील हवा तो पदार्थ दुसऱ्या द्रवाने ओढून घ्यावा, या क्रियेस रसायन अभियांत्रिकीत द्रव-द्रव निष्कर्षण असे म्हणतात. एका द्रवातून दुसऱ्यात किंवा हवेतून पाण्यात पदार्थ जाण्याची जी क्रिया, तिला द्रव्य-संक्रमण ही संज्ञा आहे.

कारखान्यात ही क्रिया उंच नळकांड्यासारख्या स्तंभात घडविली जाते. जड द्रव वरून खाली येतो, तर हलका द्रव खालून थेंबाथेंबाने वर चढतो. दोघे परस्परविरुद्ध दिशांनी जात असता थेंबांच्या पृष्ठभागातून पदार्थाची देवघेव होते. थेंब जितके बारीक, तितका एकूण पृष्ठभाग अधिक आणि तितकी देवघेव वेगाने. मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथे १९६४ मध्ये सुरू झालेल्या प्लुटोनियम संयंत्रात वापरलेल्या अणुइंधनातून प्लुटोनियम व युरेनियम वेगळे करण्यासाठी हेच तत्त्व योजण्यात आले. तेथे ट्रायब्युटिल फॉस्फेट हे सेंद्रिय द्रव्य आम्लातील युरेनियम व प्लुटोनियम आपल्याकडे ओढून घेते. काही कारखान्यांच्या सांडपाण्यातील फिनॉलसारखी विषारी द्रव्ये नदीत जाण्यापूर्वी काढून घेण्यासाठीही निष्कर्षणाचा उपयोग होतो.

पातळ पापुद्र्याचा अडसर

हवा आणि पाणी, किंवा तेल आणि पाणी, जेथे एकमेकांना भेटतात त्या पृष्ठाला आंतरपृष्ठ म्हणतात. १९२३ व १९२४ मध्ये लुईस आणि व्हिटमन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले, की आंतरपृष्ठाच्या दोन्ही बाजूंना एक अतिशय पातळ, जवळजवळ स्थिर पापुद्रा असतो आणि पदार्थाला खरा अडसर तेथेच होतो. पुढे १९३५ मध्ये हिग्बी यांनी आणि १९५१ मध्ये केंब्रिजच्या डँकवर्ट्स यांनी या कल्पनेत महत्त्वाची सुधारणा केली. पापुद्रा कायमचा नसतो, खालचे ताजे पाणी सतत वर येऊन पृष्ठभागाचे नूतनीकरण करीत असते, आणि हे नूतनीकरण जितके जलद तितके संक्रमण जलद, असा त्यांच्या विचाराचा आशय होता.

डँकवर्ट्स यांच्याकडे संशोधन केलेले प्रा. मनमोहन शर्मा १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात प्राध्यापक झाले. १९३३ मध्ये स्थापन झालेला हा विभाग आज रसायन तंत्रज्ञान संस्था म्हणून ओळखला जातो. प्रा. शर्मा, आणि त्यांच्यानंतर प्रा. ज्येष्ठराज जोशी व त्यांचे सहकारी यांनी द्रव्य-संक्रमण आणि मिश्रण या विषयांत केलेल्या कार्याची जगाने दखल घेतली. प्रा. शर्मा १९९० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले.

उजनीच्या दृष्टीने या पापुद्र्याचे महत्त्व कोणते, हे काही आकड्यांवरून ध्यानात येईल. एक लिटर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. याउलट २५ अंश सेल्सिअस तापमानाचे एक लिटर गोडे पाणी समुद्रसपाटीला फार तर सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू सामावून घेऊ शकते. ३० अंशांस हे प्रमाण साडेसातच्या आसपास उतरते. म्हणजे माशाला मिळणारा प्राणवायू माणसाच्या तुलनेत मुळातच तिसांशाहून कमी, आणि उन्हाळ्यात त्यातही घट.

शिवाय स्थिर पाण्यात प्राणवायू अत्यंत सावकाश पसरतो. विसरणाने एक मिलिमीटर अंतर जाण्यास त्याला काही मिनिटे पुरतात, परंतु वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने एक मीटर खोल पोहोचण्यास दहा वर्षांच्या आसपास काळ लागेल! जलाशयाच्या तळाशी जीवसृष्टी टिकते ती विसरणामुळे नव्हे, तर घुसळणीमुळे. वारा, लाटा, पूर, रात्रीचा गारवा आणि प्रवाह ही निसर्गाची रवी होय.

उन्हाळ्यातले थर

ही रवी नेहमीच फिरते असे नाही. तापलेले पाणी हलके होऊन वर राहते आणि थंड पाणी खाली बसते. २५ अंश तापमानाच्या एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे ९९७ किलो, तर ३० अंशांच्या पाण्याचे ९९५.६ किलो भरते. फरक अवघा दीड किलोचा, परंतु एवढ्या फरकावर संथ पाण्यात दोन थर वेगळे राहू शकतात. थंड प्रदेशातील सरोवरात ४ आणि ९ अंशांच्या पाण्यातील फरक पाव किलोपेक्षाही कमी असतो. म्हणूनच उष्ण प्रदेशातील खोल जलाशयांत तापमानाच्या थोड्याशा तफावतीनेही थर पडतात.

थर पडले की वरच्या पाण्यातील प्राणवायू खाली पोहोचत नाही. तळाशी साचलेला गाळ, कुजलेली जलपर्णी आणि मेलेले शैवल यांचे विघटन मात्र चालूच राहते आणि खालचा प्राणवायू संपत जातो. प्राणवायू संपला की गाळात बांधलेले स्फुरद पुन्हा पाण्यात सुटते. पुढे वादळी वारा किंवा पहिल्या पुराचा लोंढा आला की थर मोडतात आणि तळाचे प्राणवायूहीन, दुर्गंधीयुक्त, स्फुरदयुक्त पाणी वर येते. अशा वेळी मासे तोंड वर काढून तडफडतात. स्फुरद आणि नत्र मिळाल्याने शैवल फोफावते. याप्रमाणे वरून येणारे पोषक द्रव्य थांबले तरी तळचा जुना साठा काही काळ त्रास देत राहतो.

शैवलाचा आणखी एक खेळ लक्षात ठेवण्याजोगा आहे. दिवसा सूर्यप्रकाशात ते प्राणवायू सोडते, रात्री मात्र स्वतःच तो वापरते. त्यामुळे दुपारी घेतलेल्या नमुन्यात प्राणवायू भरपूर दिसतो आणि पहाटे, सूर्योदयापूर्वी, तो सर्वांत कमी असतो. केवळ दुपारच्या नमुन्यावरून पाणी निर्दोष ठरविणे म्हणूनच धोक्याचे आहे.

एक टाकी की टाक्यांची साखळी?

स्तंभ बांधणाऱ्या अभियंत्यापुढे एक चमत्कारिक अडचण असते. थेंब बारीक करण्यासाठी घुसळावे, तर त्याच घुसळणीने खालचे पाणी वर आणि वरचे खाली जाते. स्वच्छ झालेले द्रव पुन्हा अस्वच्छ द्रवात मिसळते आणि केलेली मेहनत वाया जाते. प्रयोगशाळेतील बोटभर जाडीच्या नळीत हा दोष फारसा दिसत नाही. तोच स्तंभ कारखान्यात मीटर-दोन मीटर व्यासाचा झाला की दोष बळावतो. त्यासाठीच गणिती प्रतिमान (मॉडेल) लागते. डँकवर्ट्स यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले, की पात्रात शिरलेल्या द्रवाचा प्रत्येक अंश तेथे सारखाच वेळ राहत नाही. काही अंश लगेच बाहेर पडतो, काही दीर्घकाळ रेंगाळतो. या निवासकाळाची वाटणी समजली की पात्राचे काम किती चांगले होईल हे सांगता येते.

एक साधे गणित पाहू. समजा, पाण्यातील घाण नष्ट होण्याचा वेग आणि पाण्याचा सरासरी निवासकाळ यांचा गुणाकार ३ आहे. पाणी रांगेत चालणाऱ्या वारकऱ्यांप्रमाणे, पुढचा पुढे व मागचा मागे, असे सरकत गेले तर शेवटी ५ टक्के घाण उरते. तेच पाणी एका मोठ्या, पूर्ण ढवळलेल्या टाकीत राहिले, तर २५ टक्के घाण उरते. आणि तेवढ्याच पाण्याच्या एकामागून एक तीन सारख्या टाक्या कल्पिल्या, तर साडेबारा टक्के उरते. पाणी तेच, वेळ तोच, तरीही मिश्रणाच्या प्रकारामुळे निष्पत्तीत पाच पटींचा फरक पडला.

उजनीचा जलाशय यांपैकी कोणता? दौंडकडून येणारा अरुंद भाग नदीसारखा, भिगवणजवळचा उथळ पसारा पसरट टाकीसारखा, पळसदेव-कुगावच्या बाजूची रुंद पात्रे आणखी वेगळी, आणि धरणभिंतीजवळचे खोल पाणी थर पडू शकणाऱ्या स्तंभासारखे. म्हणून त्याचे प्रतिमान करावयाचे तर तो टाक्यांची साखळी मानावा लागतो, आणि खोल भागात प्रत्येक टाकीचे वरचा व खालचा असे दोन मजले करावे लागतात. प्रत्येक टाकीसाठी हिशेब एकच : आत आले किती, बाहेर गेले किती, हवेतून मिळाले किती, गाळात बसले किती आणि विघटनात संपले किती. घरखर्चाच्या वहीसारखाच हा जमाखर्च असतो, मात्र तो दर तासाला मांडावा लागतो, म्हणून संगणकाची मदत घेतली जाते.

नदीच्या प्राणवायूचा असा जमाखर्च प्रथम स्ट्रीटर व फेल्प्स यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील ओहायो नदीसाठी मांडला. त्यात खोलीचे महत्त्व स्पष्ट दिसते. समजा, पृष्ठभागातून प्राणवायू उतरण्याचा वेग दिवसाला ०.६ मीटर आहे, म्हणजेच पापुद्र्याची जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी आहे. दोन मीटर खोल पाण्यात प्राणवायूची तूट दिवसाला ३० टक्के या दराने भरून येऊ लागेल, दहा मीटर खोल पाण्यात फक्त ६ टक्के दराने. खळाळती भीमा जे काही दिवसांत सावरते, ते संथ व खोल जलाशयाला सहजी साधत नाही.

उणे टक्केवारीचा अर्थ

उजनीच्या साठ्याची टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढली जाते. म्हणून पाणी मृतसाठ्यात उतरले की आकडा उणे होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात जलाशय असाच मृतसाठ्यात खोलवर उतरला होता. उणे ५० टक्के याचा अर्थ मृतसाठ्यातूनही २६.८ टी.एम.सी. पाणी गेले आणि ३६.९ टी.एम.सी. उरले. पूर्ण भरलेल्या जलाशयाच्या तुलनेत हे पाणी तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असते. पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर येते ते अशाच दिवसांत.

नदीने आणलेले द्रव्य तेवढेच राहिले आणि पाणी तिसऱ्या हिश्श्यावर आले, तर सौम्य करणारे पाणी कमी पडते. उथळ पाणी लवकर तापते, गाळ ढवळला जातो आणि शैवलाला अनुकूल स्थिती मिळते. म्हणून ज्या महिन्यांत पिण्याच्या पाण्याची निकड सर्वाधिक, त्याच महिन्यांत त्याची प्रत सर्वांत नाजूक असते. टंचाईचा आराखडा करताना पाण्याच्या परिमाणाबरोबर प्रतीचाही विचार व्हावा, तो यासाठी.

प्रतिमानाची मर्यादा

गणिती प्रतिमान हे वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखे आहे. ते दुखणे कोठे आहे ते सांगते, औषधाचे काम ते करीत नाही. त्याला लागणारी मोजमापे, म्हणजे पाण्याची खोली, तापमान, वाऱ्याचा वेग, प्रवाह आणि विरघळलेला प्राणवायू, जागेवर व नियमित घेतली गेली नाहीत तर सुबक आलेखही दिशाभूल करतो. तसेच कोणतेही प्रतिमान महानगरांच्या सांडपाण्यावर मूळ ठिकाणी प्रक्रिया करण्याची जबाबदारी कमी करीत नाही. जल प्रदूषण प्रतिबंधाचा केंद्रीय कायदा १९७४ मध्ये झाला. महाराष्ट्राने तर १९६९ मध्येच स्वतःचा कायदा करून १९७० मध्ये मंडळ स्थापन केले होते. नियमांची उणीव फारशी नाही, अंमलबजावणीत सातत्य हवे.

गावपातळीवर काय करता येईल?

काठच्या ग्रामपंचायती, शाळा आणि अधिकारी यांना या शास्त्राचा प्रत्यक्ष उपयोग करता येण्याजोगा आहे.

पहिली गोष्ट नमुन्याची. नमुना कोठून, किती खोलीवरून आणि किती वाजता घेतला याची नोंद नसेल तर अहवालाचा अर्थ लावता येत नाही. महिन्यातून एकदा तरी सूर्योदयापूर्वीचा नमुना घ्यावा. विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलर यांची १८८८ मधील पद्धत आजही महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सहज करता येते.

दुसरी गोष्ट शाळांसाठी. दोरीला बांधलेली वीत-दीड वीत व्यासाची पांढरी थाळी पाण्यात सोडावी आणि ती दिसेनाशी होण्याची खोली नोंदवावी. इटलीच्या सेक्की यांनी १८६५ मध्ये वापरलेली ही युक्ती आजही जगभर प्रमाण मानली जाते. दर आठवड्याला, त्याच ठिकाणी, त्याच वेळी, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि सुरक्षित धक्क्यावरून ही नोंद ठेवली, तर वर्षाअखेर शैवल केव्हा वाढते याचा गावाचा स्वतःचा आलेख तयार होईल.

तिसरी गोष्ट जलपर्णीची. काढलेली जलपर्णी काठावरच टाकली तर ती कुजून तिच्यातील नत्र व स्फुरद पुन्हा पाण्यात जाते. म्हणजे श्रम होतात, जमाखर्च मात्र तोच राहतो. ती पाण्यापासून दूर नेऊन तिचे खत करावे.

चौथी गोष्ट पाणी उचलण्याच्या पातळीची. नळयोजनेची विहीर किंवा पंप कोणत्या थरातून पाणी घेतो, यावर प्रक्रियेचा खर्च अवलंबून असतो. अगदी पृष्ठभागावर शैवल, अगदी तळाशी प्राणवायूहीन पाणी, तेव्हा मधल्या पातळीवरून पाणी घेता येईल अशी सोय नव्या योजनांत असावी. दाट हिरवी साय असलेले पाणी माणसांना किंवा जनावरांना पिण्यास देऊ नये. काही नील-हरित शैवलांची विषे पाणी उकळल्यानेही नष्ट होत नाहीत, ही बाब ग्रामसभेत आवर्जून सांगण्यासारखी आहे.

पाचवी गोष्ट स्वतःच्या गटाराची. मोठ्या शहराच्या तुलनेत गावाचे सांडपाणी थोडे असले तरी ते नळयोजनेच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर जलाशयात पडते. ते फारसे मिसळण्यापूर्वीच पुन्हा उचलले जाण्याचा धोका असतो. शोषखड्डे आणि परसबागा हा त्यावरचा स्वस्त व हाती असलेला उपाय आहे.

उजनीच्या काठची अनेक गावे आपली सुपीक जमीन आणि जुनी गावठाणे पाण्याखाली देऊन नव्याने वसली आहेत. त्यांच्या त्यागातून उभ्या राहिलेल्या पाण्याचा पहिला घोट त्यांना निर्धोक मिळावा, ही अपेक्षा रास्तच आहे. कारखान्यातील स्तंभ आणि भीमेचा जलाशय यांच्यात आकाराचा फरक प्रचंड असला तरी दोघांचा नियम एकच आहे. जे आत येते त्याचा हिशेब कोठे ना कोठे द्यावाच लागतो. तो हिशेब नदीच्या वरच्या अंगाच्या शहरांनी आपल्या प्रक्रिया केंद्रांत दिला, तर तो काठच्या गावांना आपल्या आरोग्यातून द्यावा लागणार नाही.